ओट्यापाशी, लोकलमध्ये, रात्रपाळीत: प्रार्थनेविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरतात. रविवारी उपासनेत किंवा मिस्सात (कॅथलिकांच्या उपासनेत) देव जवळ वाटतो आणि सोमवारी कामाला लागले की तो दूर जातो, असे अनेकांनी लिहिले आहे. पत्रे लांब होती, येथे ती थोडक्यात दिली आहेत. आपल्या वाचकांत कॅथलिक आहेत तसे मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांतलेही आहेत. जिथे रीत वेगळी आहे तिथे तसे सांगितले आहे.

मी वसईजवळच्या गावात राहते. पहाटे पाचला उठून तिघांचे डबे, सासऱ्यांची औषधे, मग शाळेत शिकवायला. रात्री गुडघे टेकले की तिथेच डोळा लागतो. देवासाठी वेळच उरत नाही याची टोचणी लागून राहते.

ताई, उरलेला वेळ देवाला द्यायचा असे ठरवले की तो कधीच मिळत नाही, कारण संसारात वेळ उरतच नाही. म्हणून वेगळा वेळ शोधण्याआधी, जे काम रोज होणारच आहे त्याला प्रार्थना जोडा.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक बंधू होते. आधी सैनिक, लढाईत जखमी होऊन लंगडे झालेले. मठात त्यांच्या वाट्याला स्वयंपाकघर आले आणि त्या कामाची त्यांना मनापासून नावड होती. तरीही भांड्याकुंड्यांत वावरताना देवाशी बोलत राहायची सवय त्यांनी तिथेच लावून घेतली. पहिली दहा वर्षे फार जड गेली, असे त्यांनी पत्रात लिहून ठेवले आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण दोन आठवड्यांत जमले नाही म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात.

तीन कामे निवडा, जास्त नाही. रोज होणारी, ठरल्या जागी होणारी, ज्यांत डोके फारसे अडकत नाही अशी. समजा, गॅस पेटवणे, डबे भरणे आणि घराला कुलूप लावणे. प्रत्येकाला एकच वाक्य जोडा. गॅस पेटवताना "प्रभू, आजचा दिवस तुझा". डबा भरताना ज्याचा डबा त्याचे नाव घ्यायचे आणि त्याची आजची एक गरज देवाला सांगायची: मुलाची परीक्षा, नवऱ्याची साहेबाशी असलेली बैठक. कुलूप लावताना 121 व्या स्तोत्राचे शेवटचे वचन, ज्यात परमेश्वर तुझे जाणेयेणे राखील असे अभिवचन आहे. महिनाभर हीच कामे आणि हीच वाक्ये ठेवा.

यात बिघडते ते साधारण असे. उत्साहात दहा कामे निवडली जातात आणि चौथ्या दिवशी एकही आठवत नाही. किंवा रोज नवे, सुंदर वाक्य शोधायला माणूस लागतो. मग लक्ष देवावरून वाक्यावर जाते. तेच वाक्य तीस दिवस म्हटले की हात गॅसच्या बटणाकडे गेल्याबरोबर ते आपोआप ओठांवर येते, आणि तिथून पुढे मन त्यात उतरू लागते. विसरलात तर हळहळत बसू नका. आठवेल तेव्हा म्हणा आणि कामाला लागा. गावात चर्चची घंटा ऐकू येत असेल तर सकाळ, दुपार, संध्याकाळच्या एंजेलस प्रार्थनेची जुनी रीत तुमच्यासाठी आयती आहे. घंटा झाली की हातातले काम ठेवायचे आणि मिनिटभर थांबायचे.

पण एवढ्यावर थांबू नका. दिवसातून दहा मिनिटे तरी दुसरे काहीही न करता देवासमोर बसायला हवे, नाहीतर ही छोटी वाक्ये हळूहळू पोकळ होतात. तुमच्यासाठी रात्र ही वेळ चुकीची आहे. झोप ही शरीराची गरज आहे, तिच्याशी भांडू नका, आणि पहाटेची झोपही आणखी कापू नका. शाळेत वर्ग भरायच्या आधीची दहा मिनिटे रिकाम्या वर्गात मिळतात का ते पाहा. दोन मिनिटे नुसते शांत बसा, चार मिनिटे शुभवर्तमानातला छोटा उतारा सावकाश वाचा, तीन मिनिटे त्यावरून देवाशी बोला आणि शेवटचे मिनिट पुन्हा शांत. शाळेत जमत नसेल तर सासऱ्यांची सकाळची औषधे घरातल्या दुसऱ्या कोणी द्यावीत, असे स्पष्ट मागा. घरातल्या एकीला प्रार्थनेला दहा मिनिटे मिळत नसतील तर ती तिच्या भक्तीतली उणीव नव्हे, घरातल्या कामाची वाटणी चुकली आहे. लूकच्या दहाव्या अध्यायात येशू मार्थेला स्वयंपाक करते म्हणून बोलत नाही. ती पुष्कळ गोष्टींची काळजी करून दगदगली आहे, हे तो तिला दाखवून देतो.

विरार ते चर्चगेट रोजचा प्रवास. दर जानेवारीत उत्पत्तीपासून पवित्र शास्त्र वाचायला घेतो आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकतो. यंदाही तेच झाले.

अडकण्याचे कारण तुमची श्रद्धा नाही, वाचनाचा क्रम आहे. उत्पत्ती आणि निर्गमाचा पहिला अर्धा भाग कथेच्या ओघात जातो. निर्गमाच्या 25 व्या अध्यायापासून निवासमंडपाची (उपासनेच्या तंबूची) मापे सुरू होतात आणि लेवीयाचे पहिले सात अध्याय अर्पणांच्या विधींचे आहेत. मंदिराच्या उपासनेची ओळख नसलेल्या वाचकाला तिथे धरायला काही सापडत नाही. हा भाग वाचायचाच आहे, पण इब्री लोकांस पत्र शेजारी ठेवून. कोणत्या अर्पणाचा ख्रिस्ताशी काय संबंध, हे त्यात उलगडत जाते.

हिशेब असा: प्रॉटेस्टंट पवित्र शास्त्रात 1189 अध्याय आहेत, म्हणजे वर्षात संपवायला रोज तीनहून थोडे जास्त. कॅथलिक बायबलात आणखी काही पुस्तके असल्याने त्याहूनही थोडे अधिक. नोकरदार माणसाला हा वेग पहिल्याच वर्षी झेपत नाही. नव्या करारात 260 अध्याय आहेत. आठवड्याला पाच घेतले तर बावन्न आठवड्यांत नेमका पूर्ण होतो. आठवड्याचे दोन दिवस मोकळे राहतात, मागे पडलेले भरून काढायला. सुरुवात मार्कपासून करा. सोळाच अध्याय, वेगवान, कथा पुढे ओढत नेते. मग फिलिप्पैकरांस पत्र, चार अध्याय. मग लूक आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, कारण दोन्ही एकाच लेखकाची. जुन्या कराराची ओढ असेल तर नीतिसूत्रे घ्या. अध्याय एकतीस, ज्या तारखेला जो अध्याय.

गाडीत काय करायचे ते वेगळे. चौथ्या सीटवर टेकायला मिळाले तरी पुस्तक उघडता येईल असे नाही, आणि मोबाइलवर वाचायला घेतले की दोन मिनिटांत निरोपांचे आवाज सुरू होतात. म्हणून वाचन घरी, निघण्याआधी, आठ ते बारा वचनांचेच करा. त्यातले एक वचन कागदाच्या चिठ्ठीवर हाताने लिहून खिशात ठेवा. गाडीत डोळे मिटून तेच वचन मनात घोळवा. बाराव्या शतकातल्या ग्विगो नावाच्या कार्थुशियन मठवासीयाने या वाचनाच्या चार पायऱ्या मांडल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवासमोर शांत राहणे. पहिली पायरी घरी, दुसरी बोरिवलीपर्यंत, तिसरी दादरपर्यंत आणि चौथी उतरेपर्यंत, असे आखून घेतले तर गर्दी अडथळा राहत नाही. मनन करताना दोनच प्रश्न पुरेत: या वचनातला कोणता शब्द मला अडवतो, आणि आज ऑफिसात कोणाशी वागताना तो मला लागू आहे?

मनन करताना उतरायचे स्टेशन चुकेल अशी भीती असेल तर वसई रोड आणि अंधेरीच्या मध्ये ते करा आणि पुढे नेहमीसारखे जागे राहा. चिठ्ठी आठवडाभर तीच ठेवली तरी चालते.

मी मिरजेत नर्स आहे. महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. सकाळी आठला घरी येऊन प्रार्थनेला बसते आणि झोपते. रविवारही कित्येकदा हुकतो.

ज्याचा दिवस रात्री आठला सुरू होतो त्याची सकाळची प्रार्थना रात्री आठलाच. घड्याळाची सकाळ धरून बसू नका. झोपेतून उठल्यावर, ड्यूटीला निघण्याआधी पाच मिनिटे 134 वे स्तोत्र घ्या. तीनच वचनांचे आहे आणि रात्री परमेश्वराच्या घरात उभे राहून सेवा करणाऱ्यांना उद्देशून आहे. मंडळीत रात्रीच्या प्रार्थनेत ते शतकानुशतके म्हटले जाते. तुमच्याइतके ते कोणालाच नेमके बसत नाही.

ड्यूटीवर वेगळा वेळ काढायला जाऊ नका. तुम्ही प्रत्येक रुग्णाआधी आणि नंतर हात स्वच्छ करता. सॅनिटायझर नीट चोळायला 20 ते 30 सेकंद लागतात, साबणाने धुवायला 40 ते 60. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणायला साधारण अर्धे मिनिट लागते. म्हणजे साबणाने हात धुताना ती पूर्ण बसते, आणि सॅनिटायझरच्या वेळी रुग्णाचे नाव घेऊन एक वाक्य. हे मनातल्या मनातच. रुग्णाने मागितल्याशिवाय मोठ्याने प्रार्थना करू नका. तो तुमच्या हवाली आहे, नको म्हणण्याच्या स्थितीत नाही. औषधाचा डोस मोजताना किंवा रक्ताची पिशवी तपासताना मात्र प्रार्थनेतही मन घालू नका. त्या क्षणी पूर्ण लक्ष लेबलवर असणे हीच तुमची सेवा. कलस्सैकरांस पत्रात "जे काही तुम्ही करता ते माणसांसाठी म्हणून करू नका, तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा" असे आहे, ते अशाच कामाविषयी.

पाळी संपल्यावर, कपडे बदलण्याआधी, खुर्चीत सात मिनिटे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी दिलेला दिवसाचा आढावा इथे कामी येतो. आधी आभार: रात्रीत काय चांगले घडले, एक तरी नेमकी गोष्ट. मग, मला माझे वागणे तुझ्या प्रकाशात दिसू दे, अशी मागणी. मग पाळीचा पहिला तास, मधला भाग, शेवट, असे क्रमाने आठवायचे: कुठे जीव लावून वागले, कुठे तुसडेपणा केला. मग क्षमा मागणे. शेवटी पुढच्या पाळीसाठी एकच निश्चय, जसे "सात नंबरच्या आजींना उत्तर देताना थांबून बोलेन". लोकांचे चुकते ते पहिल्या पायरीवर. आभार गाळून थेट चुकांवर गेले की हा आढावा स्वतःला दोष देण्याचे रोजचे साधन बनतो, आणि दमलेल्या माणसाला ते सोसत नाही.

मग झोपा. मरणाची इच्छा करणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाच्या दूताने आधी खायला दिले आणि झोपू दिले, दोनदा. बोलणे नंतर झाले. कॅथलिक असाल तर शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, आणि आजाऱ्यांच्या सेवेमुळे खरोखर जाता आले नाही तर तो दोष नाही. प्रॉटेस्टंट मंडळीत असाल तर पाळकांना रोस्टर दाखवा. महिन्यातून एकदा घरी किंवा रुग्णालयात प्रभुभोजन देण्याची सोय बहुतेक पाळक आनंदाने करतात, पण त्यांना कळवावे लागते.

संध्याकाळी कुटुंबाची प्रार्थना असते. सहा वर्षांची मुलगी चुळबुळ करते, तेरा वर्षांचा मुलगा खाली मान घालून बसतो. रोज रागावून प्रार्थना संपते.

वेळ किती लागतो ते एकदा मोजा. पंचवीस मिनिटांच्या वर असेल तर सहा वर्षांच्या मुलीचे काही चुकत नाही. दहा मिनिटांवर आणा, जेवणाआधी, टीव्ही लागण्याआधी. एक भजन, एक वचन, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना. रोझरीची सवय असेल तर आठवड्याच्या दिवशी एकच दशक (दहा 'नमो मरिया') घ्या, चार-पाच मिनिटांचे. पूर्ण रोझरी शनिवारी.

मुलीला काम द्या: मेणबत्ती किंवा दिवा लावणे (तुम्ही शेजारी थांबून), टाळ वाजवणे. 23 वे स्तोत्र सहा वचनांचे आहे, आठवड्याला एक पाठ केले तर दीड महिन्यात पूर्ण येते. मराठी ख्रिस्ती भजनांची चाल मुलांच्या कानाला लवकर बसते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंगाच्या छंदात केलेली भजने आजही मंडळ्यांत गायली जातात ती त्यामुळेच. अशी दोनतीनच निवडून आलटूनपालटून घ्या.

मुलाचा प्रश्न वेगळा आहे. बऱ्याच घरांत वडील प्रार्थनेतून मुलाला बोलतात: "प्रभू, याला मोबाइलच्या नादातून सोडव." मुलाला ते उपदेश म्हणून ऐकू येते, आणि डोळे मिटलेले असल्याने त्याला उत्तरही देता येत नाही. हे आजपासून बंद करा. जे सांगायचे ते जेवताना समोरासमोर सांगा. प्रार्थनेत त्याच्यासाठी फक्त आभार माना. भजन किंवा उतारा त्याला निवडू द्या. त्याने म्हटले की मला हे पटत नाही, तर ते प्रार्थनेनंतर ऐकून घ्या आणि लगेच उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्यावर सोबत काही वाचा. आणि भांडण झाले असेल तर आधी आईवडिलांनी एकमेकांची क्षमा मागायची, मुलांसमोर. तेरा वर्षांच्या मुलाला दहा उपदेशांपेक्षा हे एक दृश्य जास्त शिकवते.

कुवेतमध्ये नोकरी. उपासना शुक्रवारी होते. रविवारी कामावर असताना चुकल्यासारखे वाटते.

तिथे शुक्रवार-शनिवार सुटी असल्याने मंडळ्या शुक्रवारी जमतात. त्यात काही उणे नाही. रविवारी कामावर निघताना गावाकडच्या मंडळीत त्या दिवशी असलेला शास्त्रपाठ घरच्यांकडून मागवून वाचा. शक्य असेल तर घरच्यांबरोबर फोनवर प्रभूची प्रार्थना एकत्र म्हणा. खोलीत आणखी कोणी मराठी किंवा भारतीय ख्रिस्ती असेल तर आठवड्यातून एकदा दोघांनी मिळून स्तोत्र वाचा. परक्या देशात एकट्याची प्रार्थना सहसा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुटते. दुसऱ्याला वेळ दिलेला असेल तर ती टिकते.

वय 52, मधुमेह आहे. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवास धरावा का?

कॅथलिक नियम 18 ते 59 वयाच्या निरोगी माणसासाठी आहे: दिवसात एक पूर्ण जेवण आणि दोन हलके अल्पाहार. आजारी माणसाला त्यातून सूट आहे, आणि ती मागायची गरज नाही. इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण चुकवले तर साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही चुकवू नका. कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) घेण्याआधीच्या एक तासाच्या उपवासात पाणी आणि औषध चालते, आजाऱ्याला तर त्याहून जास्त सूट आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत उपवास ऐच्छिक असतो, पण शारीरिक धोका सारखाच.

त्याऐवजी यशयाचा 58 वा अध्याय वाचा. देवाला आवडणारा उपवास म्हणजे भुकेल्याबरोबर भाकर वाटून घेणे, असे तिथे आहे. उपवासकाळाचे चाळीस दिवस संध्याकाळचा बाहेरचा चहा-वडा सोडा (मधुमेहाला तेही बरेच), ते पैसे रोजच्या रोज डब्यात टाका आणि पुनरुत्थानाच्या रविवारआधी ओळखीतल्या गरजू घराला स्वतः नेऊन द्या. रोज टाकण्याचे महत्त्व हे की महिनाअखेर हिशेब करून द्यायचे ठरवले की बहुधा ते राहून जाते.

अहिल्यानगरहून लिहितो. पंधरा वर्षे नियमित प्रार्थना करतो. गेले काही महिने काहीच जाणवत नाही. शब्द भिंतीला लागून परत येतात.

आधी शरीर तपासा. झोप, थायरॉइड, अलीकडे कोणाचे निधन, कामाचा ताण. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप आणि भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. डॉक्टरांकडे जा, टेली मानस या सरकारी मदतसेवेच्या 14416 क्रमांकावर मराठीत बोलता येते. मरणाचे विचार येत असतील तर आजच. आजारावर उपचार घेणे म्हणजे विश्वास कमी असणे नव्हे.

शरीर ठीक असेल तर पुढचा प्रश्न प्रामाणिकपणे विचारा: मी काही लपवून तर ठेवलेले नाही ना? एखादे देणे, एखादे खोटे, एखादा संबंध. असेल तर कॅथलिक माणसाने प्रायश्चित्त संस्काराला (फादरांजवळ पापांची कबुली द्यायला) जावे, इतरांनी पाळकांजवळ किंवा विश्वासू बंधूजवळ बोलावे. बहुतेक वेळा तेवढ्याने वाट मोकळी होते.

दोन्ही नसेल तर ही कोरड अनुभवी प्रार्थना करणाऱ्यांनाच येते. सोळाव्या शतकातल्या क्रूसाच्या संत योहानाने तिला रात्र म्हटले आणि त्या रात्री देवच माणसाला केवळ भावनेवरच्या अवलंबनातून सोडवत असतो, असे मांडले. मदर तेरेसांच्या 2007 मध्ये प्रकाशित झालेल्या पत्रांतून त्यांनी दीर्घकाळ असाच अंधार सोसल्याचे दिसते, आणि त्या काळात त्यांची सेवा थांबली नव्हती. इग्नेशियस यांचा नियम येथे सोन्यासारखा आहे: कोरडेपणात असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नका. रोज वीस मिनिटे ठरली असतील तर वीसच. कमी करू नका, आणि भीतीपोटी चाळीसही करू नका. लोक इथेच फसतात. ते नवे पुस्तक, नवी मंडळी, नवा प्रार्थना-मेळावा शोधत फिरतात, आणि जिथे थांबायचे तिथेच थांबत नाहीत.

स्वतःचे शब्द सुचत नसतील तर स्तोत्रांचे उसने घ्या. 13 वे स्तोत्र लहान आहे: पहिल्या दोन वचनांत तक्रार, "कोठवर?" असे चारदा, पुढच्या दोनांत मागणी, शेवटच्या दोनांत भरवसा. तुमच्याकडून भरवशाची वचने आज निघत नसतील तर पहिल्या दोनांवर थांबा. 88 वे स्तोत्र तर काळोखातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. देवाकडे केलेली तक्रार ही देवाशी बोलणेच आहे. याच काळात आठवड्यातून एकदा एका आजारी किंवा एकट्या माणसाला भेटायला जा. मनात काही जाणवत नसले तरी पाय चालतात.

वडिलोपार्जित जमिनीवरून थोरल्या भावाशी चार वर्षे अबोला आहे. दावा कोर्टात आहे. दर रविवारी कम्युनियन घेतो. शेजारच्या बाईंनी सुनावले की तुला तो हक्क नाही. तसे आहे का?

शेजारच्या बाईंनी तो निकाल द्यायला नको होता, पण तुमचा प्रश्न खरा आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की वेदीजवळ अर्पण नेत असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट कर. इथे दोष कोणाचा हे विचारलेलेच नाही. त्याच्या मनात काही आहे, एवढे पुरेसे आहे.

तीन गोष्टी वेगळ्या करा. क्षमा म्हणजे त्याचे वाईट चिंतणे सोडणे. ती तुम्ही एकटे आजही सुरू करू शकता. समेट म्हणजे नाते पुन्हा जुळणे. त्याला दोघे लागतात, आणि तो झाला नाही तर तुम्ही दोषी ठरत नाही. रोमकरांस पत्रात "साधेल तर तुम्हांकडून होईल तितके" शांतीने राहा असे आहे. तिसरी गोष्ट हक्क. जमिनीचा न्याय मागणे पाप नाही. दावा चालू असतानाही भावाशी बोलता येते. द्वेषाने खोटा पुरावा देणे, त्याच्या मुलांशी तुसडे वागणे, त्याचे नुकसान झाले की आनंद होणे, हे कम्युनियनच्या आड येते. त्याविषयी आपल्या फादरांशी प्रायश्चित्त संस्कारात स्पष्ट बोला. कम्युनियन सोडून घरी बसणे हा उपाय नव्हे.

आता कामाला लागा. पहिला महिना रोजच्या प्रार्थनेत फक्त त्याचे नाव घ्या. "त्याला सद्बुद्धी दे" असे नको, त्यात आपला निवाडा दडलेला असतो. "प्रभू, दादाला आणि वहिनींना सांभाळ" एवढेच. सुरुवातीला दात आवळूनच म्हटले जाईल, चालेल. दुसऱ्या महिन्यात जमिनीशी संबंध नसलेले निमित्त शोधा: त्यांच्या घरी आजारपण, मुलीचा दहावीचा निकाल, गावच्या चर्चचा सण, आईवडिलांच्या स्मरणाचे मिस्सा. स्वतः जा किंवा फोन करा. नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर काहीही लिहू नका. तिथे दहा जण वाचतात आणि दोघांनाही मागे हटता येत नाही. भेटल्यावर जमिनीचा विषय त्यानेच काढला तर म्हणा, "ते वकिलांकडे राहू दे, मी तुला भेटायला आलोय."

क्षमा मागायची असेल तेव्हा फक्त स्वतःच्या चुकीची, नेमकी: "दिवाणखान्यात सगळ्यांसमोर तुला चोर म्हटले, ते चुकले." पुढे "पण तूसुद्धा" आले की चार वर्षांचे भांडण पुन्हा तिथूनच सुरू होते. त्याने दार लावले तर लगेच दुसरा प्रयत्न करू नका. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिला आहे: आधी दोघेच, मग एकदोन जण सोबत, मग मंडळी. सोबत नेताना वकील किंवा जमिनीत रस असलेला नातेवाईक नको. दोघांनाही मान असलेला वडीलधारा किंवा धर्मग्रामाचे फादर असावेत. मध्ये तीनचार महिने जाऊ द्या. आणि दाव्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी कधीही जाऊ नका, तो प्रयत्न डाव वाटतो.